दोन बोटं लोखंड

११ जानेवारी १९७०, पांगरी रोड

माझा जोड तुटला. पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, म्हणजे पुढचं लिहायला जड जाणार नाही.

रात्रभर अशी थंडी होती की सकाळी नळाचं पाणी दाताला लाववत नव्हतं. बा नेहमीसारखा उजाडताना हातोडा खांद्यावर टाकून लाईनीवर गेला. तो चावीवाला. आपल्या हद्दीतली लाईन रोज पायी पाहायची, रूळ धरणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील त्या ठोकायच्या, हे त्यानं जन्मभर केलं. आज मात्र लवकर परत आला, धापा टाकत. "माणिक, नाल्याच्या पुढं रूय तुटला. तोंड वासलं त्यानं."

मी विचारलं, "जोडावर का बाजूले?"

तो माझ्याकडे न पाहता हातोडा भिंतीला टेकवायला लागला. तेव्हाच समजलो.

जाऊन पाहतो तर दोन बोटं आरामात जातील एवढी फट, आणि बाजूला माझा नंबर. आम्हा वेल्डरांना प्रत्येकाला नंबर असतो. जोड ओतला की शेजारी तो ठोकायचा, म्हणजे पुढं काही झालं तर कोणाच्या नावानं बोंब मारायची ते कळतं. उकंडराव मुकादमाला माझा नंबर पाठ आहे, तरी त्यानं वाकून वाचला. "काय बे वेल्डर, थंडी वाजली काय तुया जोडाले?" गँगमधले हसले. आमच्या वस्तीतला पोरगा मॅट्रिक होतो, ट्रेनिंग करून येतो आणि याच्या गँगमध्ये फावडं न धरता वेल्डर म्हणून उभा राहतो, हे त्याला पहिल्या दिवसापासून पचलेलं नाही.

मी अजून कच्चा आहे, नोकरीत पक्का केलेला नाही. वर्षाच्या आत दुसरा जोड गेला तर वेल्डिंग बंद आणि पुन्हा फावडं. इन्स्पेक्टर शेषरावसाहेबांनी हे मला आज बाजूला घेऊन सांगितलं. हळू आवाजात सांगितलं म्हणून जास्त लागलं.

१३ जानेवारी

तुटलेला भाग दोन्हीकडून कापून काढला, मध्ये नवा तुकडा बसवला, दोन टोकांना दोन जोड ओतले. साचा बसवून चिखलानं लिंपला. मुशीतली मसाल्याची पूड पेटली, खळखळली, लोखंड पाण्यासारखं साच्यात उतरलं. गार झाल्यावर घासलं, डोळे मिटून बोटं फिरवली. नख कुठे अडकलं नाही. इतके चांगले जोड मी आजवर ओतले नव्हते. नंबर ठोकताना एक घाव जास्तच मारला.

थंडीनं रूळ आखडलेला होता. त्यामुळे जेवढा कापला त्यापेक्षा तुकडा दोन बोटं लांब टाकावा लागला. साहेबांनी दोन्ही बाजूंना रुळाच्या पोटावर पांढरे पट्टे मारायला लावले. "ऊन तापायच्या आधी चाव्या खोलून हे जास्तीचं लोखंड काढून टाकायचं. पट्टे दिसले की आठवण राहील." उकंडराव म्हणाला, "हाव साहेब." त्याची हाव मला माहीत आहे. तो जोड कापायची वाटच पाहत बसणार.

८ फेब्रुवारी

रविवार. माझ्या बायकोनं, सिंधूनं, विचारलं, "तुमच्या नव्या लाईनीवर गाडी खटक खटक काऊन वाजत नाही?"

मास्तरासारखा बसलो समजावत. जुन्या लाईनीत दर रुळाच्या टोकाला फट ठेवायचे. उन्हात लोखंड वाढतं, त्याला सरकायला जागा पाहिजे. आता आम्ही रुळाला रूळ जोडून मैलभर सलग करतो, फट ठेवतच नाही. तिनं विचारलं, "मंग वाढते थे जाते कुठी?" कुठंही जात नाही. चाव्या, रुळाखालचे स्लीपर आणि त्यांच्यातली खडी, म्हणजे गिट्टी, मिळून त्याला दाबून धरतात. उन्हात ते आतल्या आत रेटतं, थंडीत आतल्या आत ओढतं.

सिंधू म्हणाली, "म्हंजे नव्या सुनेसारखंच झालं." माय चुलीपाशी बसून हसली. बा पण हसला. खूप दिवसांनी घरात असं बोलणं झालं.

२ मार्च

आज उकंडरावानं सगळ्यांसमोर विषय काढला. "साहेब, नाल्यापुढचं थे दोन बोटं लोखंड काढून घेऊ. उन्हाचा तडाखा सुरू होऊन राह्यला." बोलताना माझ्याकडेच पाहत होता.

काढायचं म्हणजे माझा एक जोड कापायचा. कागदावर तुटलेला जोड आणि कापलेला जोड एकाच रकान्यात जातात, कारण कोणी वाचत नाही. वर्षात दोन झाले की माणिक तायडे गेला फावड्यावर. उकंडरावाला हे कळत नाही असं थोडंच आहे.

साहेबांनी विचारलं, "माणिक, तुझं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "साहेब, जोड ठणठणीत आहे. लाईन सरळ आहे. चांगला जोड उगाच काऊन कापावा?"

साहेबांच्या डोक्यात मोठ्या साहेबांच्या इन्स्पेक्शनचा घोर होता. म्हणाले, "बरं, इन्स्पेक्शन होऊन जाऊ दे, मग पाहू." उकंडरावाचं तोंड पाहण्यासारखं झालं. बाहेर येऊन तो म्हणाला, "तू जोडाचं पाहून राह्यला बे. म्या लाईनीचं सांगून राह्यलो." मी हत्यारं उचलून चालू लागलो. जिंकल्यावर कशाला बोलायचं.

१९ मार्च

इन्स्पेक्शनच्या आधी लाईनीचं लग्न असतं. सगळी गँग चुना आणि डांबर घेऊन सुटते. मैलाच्या दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना चुना, फाटकाच्या खांबांना चुना, आणि रुळाच्या पोटाला डांबर. लाईन गावाच्या बाहेर आहे, पाहणार कोण, तर एक साहेब, तोही चालत्या गाडीच्या खिडकीतून. तरी आठ दिवस हेच चाललंय.

आज नाल्यापुढे डांबर मारणं झालं. गँगमनच्या हातात कुंचा होता, तो पांढऱ्या पट्ट्यापाशी थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. उकंडराव दूर होता. मी म्हणालो, "मार, एकसारखं दिसू दे." त्यानं मारलं. पट्टे गेले.

बरं वाटलं. इथं खोटं कशाला लिहू.

२४ मार्च

इन्स्पेक्शन झालं. मोठ्या साहेबांनी शेषरावसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला म्हणे. आता कोणी काही बोलत नाही. उकंडरावानं एकदा आठवण काढली तेव्हा साहेब म्हणाले, "आता माणसं कुठून आणू? सगळी मलकापूरच्या बाजूला दिलीत." मी तिथंच होतो. चहा घेत होतो.

१४ एप्रिल

जयंतीला पिंपळगाव राजाला गेलो. वस्तीत निळी तोरणं, मिरवणूक, पोरींच्या अंगावर पांढरे कपडे. बा नं मला धरून घरोघर नेलं. "हा माया माणिक. लोखंड पातळ करून ओतते. मैलामैलाची लाईन एक करून टाकते." वस्तीतल्या जनकाबाई म्हाताऱ्या झाल्यात, डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी माझे तळहात चाचपले आणि म्हणाल्या, "याचे हात भाजेल हायेत रे कचरू." बा म्हणाला, "थे त्याच्या विद्येचे डाग हायेत." मला लाज वाटली आणि छाती पण फुगली.

बा या वर्षाअखेरी रिटायर होणार. मग गावात घरावर पत्रे टाकायचे आणि बसायचं, असं त्याचं ठरलंय. परत येताना गाडीत तेच बोलत होता. पत्रे कोणते, दार कोणीकडे.

२६ एप्रिल

जेवताना बा म्हणाला, "माणिक, नाल्यापुढं लाईन दुपारची जराशी पोट काढल्यावानी दिसते. सकाऊन पाह्यलं तं सरळ. माये डोये गेले का तिथं काही हाय?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणालो, "काही नाही. जोड मी पाह्यला परवाच. उन्हाची झळ असते, डोळ्याला तसं दिसते."

"तू म्हनतो तं नसंल." असं म्हणून तो ताक प्याला.

जोड मी खरंच पाहिला होता. जोडाला काही झालेलं नाही.

९ मे

लू चालली आहे. दुपारी रुळावर थुंकी टाकली तर फस्स होते. या दिवसांत दुपारी लाईनीला हात लावायचा नाही, गिट्टी तर अजिबात उकरायची नाही, नाहीतर रूळ धरणारं काही राहत नाही. एका नव्या गँगमननं आज ऐन उन्हात स्लीपरखालची गिट्टी सारखी करायला घेतली, तर बा त्याच्यावर इतका ओरडला की मी पण चमकलो. मी त्याला असं ओरडताना पाहिलेलं नाही. "माय पोटुशी असली तं तिच्या पोटावर नाचशील का बे?" म्हणाला.

१६ मे

लाईन वाकली.

दुपारी कोळशाची मालगाडी येत होती. नाल्यापुढे दोन्ही रूळ स्लीपरसकट बाजूला ढकलले गेले होते, सैल नाडीसारखे. ड्रायव्हरनं लांबून पाहून ब्रेक मारले, पण गाडी थांबते होय. इंजिन कसंबसं पार झालं, मागचे डबे घसरले, एक आडवा झाला. फायरमनचा हात मोडला. जीव कोणाचा गेला नाही. लाईनभर कोळसा आणि त्या उन्हात तो काळा धुराळा.

मी धावत गेलो ते सरळ माझ्या जोडांपाशी. रूळ एवढा पिळलेला, पण दोन्ही जोड शाबूत. बोटं फिरवली, तडा नाही. तिथं उकिडवा बसून मला रडू आलं. माझा जोड तुटला नाही. मी तेच म्हणत होतो. कोणीतरी मागून म्हणालं, "लोक डबे पाहून राह्यले, हा जोड पाहून राह्यला."

बा सावलीला बसला होता, नुसता. दुपारी तो तिथून गेला होता आणि लाईन त्याला वाकडी वाटली म्हणून स्टेशनकडे सांगायला निघाला होता. पोहोचायच्या आधीच गाडी सुटलेली.

२१ मे

चौकशी झाली. स्टेशनच्या खोलीत तीन साहेब. मला आधी विचारलं. मी सांगितलं, जोड शाबूत आहेत, तुम्ही पाहू शकता. त्यांनी पाहिलेच होते. "तुझ्या कामात दोष नाही," असं त्यातल्या एकानं म्हटलं. मग विचारलं, "मग लाईन वाकली कशानं? गिट्टी सगळी उकरलेली दिसते." मी म्हणालो, "मला सांगता येणार नाही." खरंच सांगता आलं नाही. डोकं बधिर झालं होतं.

बाहेर आलो तर लिंबाखाली बा आणि उकंडराव. बा त्याच्यापुढे दोन्ही हात जोडून काही बोलत होता. मला पाहून त्यानं हात खाली घेतले. मस्तकात तिडीक गेली. जन्मभर हा माणूस कोणापुढे वाकला नाही, आणि आज त्या उकंडरावापुढे हात जोडतो! काय मागत होता?

मग बा आत गेला. बाहेर आला तेव्हा कळलं. त्यानं सांगितलं की त्या दिवशी दुपारी त्यानंच नाल्यापुढची गिट्टी उकरली, स्लीपर हलत होते म्हणून. उकंडरावाला विचारलं, तर म्हणे, "म्या तिथं नव्हतो साहेब. मले काही माहीत नाही." दारातून शेषरावसाहेब मान खाली घालून लिहिताना दिसत होते. चौकशी संपली.

घरी येऊन मी बा ला वाट्टेल ते बोललो. एवढी वर्षं लाईनीवर काढली आणि एवढी साधी गोष्ट कळत नाही? ऐन दुपारी गिट्टी? माझं नाव सांभाळायला मी मरमर मरतो आणि तू असं करतो? माय मध्ये पडली तर तिच्यावर पण ओरडलो. बा खाटेवर बसून पायाची बोटं दाबत होता. म्हणाला, "चुकलं बाबू. म्हातारपन."

३० मे

बा ला नोकरीवरून कमी केलं. रिटायरचं जे मिळायचं होतं त्यातलं बरंचसं गेलं. त्याच्या नावचं क्वार्टर सोडायचं आहे. मी साहेबांना भेटून स्टेशनमागची खोली मागितली, तर लगेच दिली. इतक्या लवकर साहेब काही देत नाहीत.

आज माय आणि बा बैलगाडीनं पिंपळगावला गेले. सामान काय, दोन ट्रंका, खाट, आणि एक गाडगं. बा नं हातोडा जमा केला तेव्हा स्टोअरवाल्यानं तो फेकल्यासारखा कोपऱ्यात टाकला. बा ते पाहत राहिला. मी त्याच्याशी नीट बोललो नाही. सिंधू पाया पडली, मी नुसता गाडीला हात लावला.

७ जून

आज पहाटे नाल्यापुढची लाईन पुन्हा बसवायचं काम. वाकलेले रूळ माझ्या जोडाशेजारी कापून, ओढून सरळ केले होते, टोकांना तात्पुरत्या लोखंडी पट्ट्या आवळून गाड्या हळू सोडत होते. आज दोन्हीकडे लांबवर सगळ्या चाव्या खोलल्या, रूळ मोकळा केला, लाकडी हातोड्यांनी ठोकत गेलो. मोकळा रूळ आपली खरी लांबी घेतो. थर्मामीटर पाहून साहेबांनी हात केला. रुळाची टोकं एकमेकांवर चढलेली. जास्तीचं कापायला मलाच सांगितलं.

कापलं. तुकडा खाली पडला. उचलला. दोन बोटं. वर थोडं.

बाजूला माझ्या जोडाचा नंबर होता. डांबराखाली पांढरा पट्टा अजून चाचपता येत होता.

उकंडराव माझ्याशेजारी उभा होता. आज तो टोमणा मारत नव्हता. हळू बोलला. "गिट्टी उकरून लोखंड वाढते का बे माणिक? लाईन सरकली तेव्हा गिट्टी आपोआप उकरल्या गेली. तुया बापानं फावड्याले हात नाही लावला. म्या आत जाऊन पट्ट्यायचं सांगनार होतो, डांबराचंही सांगनार होतो. त्यानं माह्यापुढं हात जोडले. म्हने, पोराचं नाव नको घेऊ, म्या सांभायतो."

"तुम्ही काऊन ऐकलं?"

"माया पोरगाबी नौकरीले लागून राह्यला," तो म्हणाला, आणि चाव्या ठोकणाऱ्यांकडे निघून गेला.

९ जून

रजा काढून पिंपळगावला गेलो. बा ओट्यावर बसला होता, गुरासाठी दावं वळत होता. एक गुर नाही घरात, तरी वळत होता. मी शेजारी बसलो. दाव्याचं दुसरं टोक धरलं. मग सरळच विचारलं. "बा, तू गिट्टी उकरली होती का?"

"आता त्याचं काय."

"मी सांगतो साहेबाले. खरं सांगतो सगळं."

त्यानं दावं खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही, पण असं की मला मान खाली घालावी लागली. "सांगून काय होईन? मले परत घेनार का? मायी नौकरी सरत आली होती. तुयी लागून राह्यली हाय. आपल्या वस्तीतून फावड्याले तं कोनीबी जाते. वेल्डर कोन झाला? तू गेला तं उद्या आपल्या पोराले कोन घेईन?" मग म्हणाला, "जेवून जा. मायनं भाकर टाकली."

जेवलो. मायनं विचारलं, "तोंड काऊन उतरलं रे?" मी म्हणालो, ऊन लागलं.

माझी चूक होती. सगळी. हे मी फक्त इथं लिहू शकतो.

१७ जून

आज पक्का झालो.

साहेबांकडे जाताना वाटभर वाक्यं पाठ करत होतो. साहेब, गिट्टी कोणी उकरली नव्हती. पट्टे माझ्यासमोर डांबरात गेले. मी सांगितलं म्हणून गेले. तेवढीच तीन वाक्यं. आत गेलो तर साहेबांनी माझ्याकडे न पाहता कागद पुढे केला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि "आभारी आहे साहेब" म्हणालो. दारात थांबलो. ते म्हणाले, "आणखी काही?" आता त्यांनी वर पाहिलं होतं. मला वाटतं त्यांनाही ती तीन वाक्यं माहीत होती, आणि ती ऐकायची नव्हती.

"नाही साहेब."

तोंड होतं, भीती पण फार नव्हती. तरी बोललो नाही. बाहेर येऊन कागद घडी करून खिशात ठेवला.

२२ जून

सिंधूनं पिंपळगावला मी पक्का झाल्याचा निरोप पाठवला होता. आज खामगावच्या बाजाराहून परतताना रामरावमामा, मायचा भाऊ, खोलीवर आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुया बापाचं काही समजत नाही भाऊ. वस्तीत घरोघर साखर वाटत फिरला. लोक विचारत, कचरू, तुले कामावरून काढलं, साखर काहाची वाटतं? तं म्हने, पोरगं पक्कं झालं माह्यं."

माझ्या वाटची साखर त्यानं कागदाच्या पुडीत बांधून पाठवली होती. सिंधूनं ती चहात टाकली. मामासमोर बसून प्यालो.